खेळाडूचा शब्द

मुलांच्या स्वच्छतागृहात, हात वाळवायच्या यंत्राच्या वर, बादलीमावशीचा फोटो लावला होता. क्लबाच्या आजवरच्या अध्यक्षांचे फोटो दिवाणखान्यात, विजेत्यांचे जिन्यावर, आणि हिचा इथे. फोटोत ती चोरी करताना पकडल्यासारखी समोर बघत होती. खाली ठळक अक्षरांत 'बालसुरक्षा अधिकारी' आणि त्याखाली सरकारच्या बालसंरक्षण कार्यालयाचा फोन नंबर. मुलं हात धुताना त्या फोटोवर पाणी उडवायची आणि बाहेर येऊन तिलाच सांगायची. ती म्हणायची, उडवा बापड्यांनो, तेवढीच माझी अंघोळ.

खरं तर ती अधिकारी वगैरे कुणी नव्हती. गोल्फच्या सरावासाठी जी लांबलचक हिरवी पट्टी असते, तिच्या तोंडाशी एक खिडकी होती, आणि त्या खिडकीत बसून ती चेंडूंच्या बादल्या द्यायची. लोक बादलीभर चेंडू घ्यायचे, एकेक करून लांब मारायचे, आणि संध्याकाळी ते सगळे गोळा होऊन धुवायला पुन्हा हिच्याकडेच यायचे. उभा जन्म त्यात गेला. बोटांची टोकं कायमची सुरकुतली होती. नवरा त्याच क्लबात गवत कापायचं यंत्र चालवायचा, आणि दोघं यंत्रांच्या शेडमागे क्लबानेच दिलेल्या दोन खोल्यांत राहायची. डिझेलचा आणि ओल्या गवताचा वास त्या घरातल्या उशांनासुद्धा होता. मुलगी लग्न होऊन निघाली तेव्हा रडता रडता म्हणाली होती, आई, तुझी आठवण आली की मी पेट्रोल पंपावर जाऊन उभी राहीन.

मावशी अधिकारी झाली ती अशी. वरच्या मंडळाचं फर्मान आलं की ज्या क्लबात बालसुरक्षा अधिकारी नाही, तिथे मुलांच्या स्पर्धा होणार नाहीत. सचिवांनी आधी सभासद बायकांना विचारलं. एकीला वेळ नव्हता, दुसरीचे गुडघे दुखत होते, आणि तिसरी म्हणाली, आपल्याकडे असलं काही होतं का? मग सचिव खिडकीशी आले. मुलं नाहीतरी दिवसभर तुमच्याच भोवती असतात, म्हणाले, नाव तेवढं द्या. नावापुरतंच आहे, हे त्यांनी जाता जाता पुन्हा बजावलं.

चूक झाली ती इथे. मावशीला नावापुरतं काही करताच यायचं नाही. चेंडू धुवायचे तर त्यावरचा मातीचा डाग जाईस्तोवर ती चोळत बसायची, मग हे तर मुलांचं काम. प्रशिक्षणाला बाकीच्या क्लबांची माणसं मागच्या रांगेत मोबाइल बघत बसली होती. ही पुढच्या रांगेत बसून शब्द न् शब्द ऐकत होती. परतली ती तोंड उतरवूनच. नवऱ्याला म्हणाली, तिथे जे जे करू नका म्हणून सांगितलं, त्यातलं निम्मं आपल्याकडे रोज होतं, आपण त्याला शिकवणं म्हणतो.

मग तिने सगळ्यांचा छळ मांडला. मुलाला हात लावण्याआधी विचारायचं. एकट्या मुलाला गाडीत घालून घरी सोडायचं नाही. मैदानात सरांबरोबर नेहमी दोन मुलं. आणि व्हिडिओची खोली! फटका मारताना खांदा कुठे गेला, कंबर कुठे वळली, हे पडद्यावर दाखवायची ती खोली होती आणि अंधार हवा म्हणून तिचं दार लावून घ्यायची पद्धत होती. मावशीने नवऱ्याला पाने-पेचकस घेऊन बोलावलं आणि ते दार बिजागऱ्यांसकट काढायला लावलं. क्लबात महिनाभर तेवढा एकच विनोद चालला. तिच्या खिडकीशी येऊन सभासद विचारायचे, मावशी, आमच्या बाथरूमचं दार कधी नेताय?

सर मात्र हसले नाहीत. सर म्हणजे मुलांचे प्रशिक्षक. देखणा माणूस, गोड बोलणारा, सगळ्या आयांचा लाडका, आणि त्याच्या हाताखालून निघालेली पोरं बाहेर जाऊन बक्षिसं आणायची. दार शेडकडे नेताना त्याने स्वतः एक टोक धरलं आणि म्हणाला, ताई, हे फार आधी व्हायला हवं होतं. त्या दिवसापासून तो कुठल्याही मुलाचं मनगट धरण्याआधी "हात लावू का?" असं विचारायचा, आणि खिडकीपर्यंत ऐकू येईल इतक्या मोठ्यानं विचारायचा. मावशी नव्या पालकांना त्याचं उदाहरण द्यायची. कुंपणच शेत खातं हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण कुंपणाला रोज नवा रंग लागत असेल तर माणसाचं मन भरतं.

आणि दार काढलं ते खोलीचं. मैदानाला दार कुठे असतं? लांबवरच्या होलकडे, म्हणजे चेंडू घालायच्या खड्ड्याकडे, झाडी होती, उतार होता, आणि तिथे काय चाललंय ते क्लबातून कुणालाच दिसत नव्हतं.

डावरी त्या वर्षी बारा वर्षांची होती. डाव्या हाताने खेळायची म्हणून डावरी. खरं नाव हजेरी घेतानाच निघायचं. आई रुग्णालयात नर्स, वडील कधीच सोडून गेलेले. डावऱ्या हाताच्या स्टिक दुकानात मागवाव्या लागतात आणि त्या नर्सच्या पगारात बसत नाहीत, म्हणून सरांनी शब्द टाकून क्लबाकडून तिला एक जुना संच वापरायला मिळवून दिला होता, फीही माफ करून घेतली होती. आई सरांचं नाव निघालं की हात जोडायची. मुलगी अबोल, पण खिडकीशी आली की मावशीच्या बादल्या रंगांप्रमाणे लावून द्यायची, आणि लाल बादलीत चेंडू कमी मावतात अशी तिची पक्की तक्रार होती.

वर्षाच्या मोठ्या स्पर्धेत शेवटच्या होलला ती पुढे होती. चेंडू झाडीत गेला. ती एकटीच आत गेली, स्टिक चेंडूमागे टेकवली आणि तसाच हात वर करून बाहेर आली. म्हणाली, माझ्या स्टिकने चेंडू हलला, माझा एक फटका वाढवा. कुणी पाहिलं नव्हतं. पाचोळ्यात अर्धा बुडालेला चेंडू, हलला असेल बोटभर. पण या खेळात ज्याला कमी फटके लागतात तो जिंकतो; तिचा फटका वाढला आणि त्या एका फटक्याने ती ट्रॉफी हरली.

बक्षीस समारंभात तिच्यासाठी एक वेगळं पदक काढलं, प्रामाणिकपणाचं. अध्यक्षांचं भाषण ऐकून बायकांनी डोळे पुसले. ते म्हणाले, या खेळात पंच पाठीमागे फिरत नाही, या खेळात खेळाडूचा शब्द हाच पंच, आणि या मुलीने आज आपल्या सगळ्यांना शिकवलं. सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. आधी विचारलं होतं, अर्थात मोठ्यानं.

त्यानंतर काही आठवड्यांनी डावरीने बादली परत आणली ती भरलेलीच. मावशीने विचारलं, हात दुखतो का? ती खिडकीच्या कट्ट्याकडे बघत म्हणाली, मला सरांबरोबर लांबच्या होलवर जायचं नाही. मग थोडं थोडं करून तिने सांगितलं. बरोबर नेहमी चष्मेवाली मैत्रीण असायची, नियमाप्रमाणे दोन मुली. पण झाडीपाशी आलं की सर एक चेंडू मुद्दाम लांब झुडपांत मारायचे आणि चष्मेवालीला शोधायला पाठवायचे. म्हणायचे, तुला चार डोळे आहेत, तुला लवकर सापडेल. चेंडू शोधायला या खेळात तीन मिनिटं देतात. चष्मेवाली इमानेइतबारे तीनही मिनिटं शोधायची. ती गेली की सर हात लावायचे, आणि तो हात फटका शिकवायचा नसायचा.

"तेव्हा ते विचारत नाहीत," डावरी म्हणाली.

 प्रशिक्षणात शिकवलं होतं ते मावशीने सगळं केलं. मध्ये तोडलं नाही, खोदून विचारलं नाही. म्हणाली, "तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी यात काही चूक नाही. पण मी हे पोटात ठेवणार नाही. ज्यांना सांगायला हवं त्यांना सांगणार."

ज्यांना सांगायला हवं ते कोण, हे तिच्याच फोटोखाली लिहिलं होतं. आधी त्या नंबरला फोन, मग घरच्यांना, आणि ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्या कानावर जाईल असं एक पाऊलही नाही. हे तिला पाठ होतं. आणि तरी तिने खिडकी बंद केली आणि ती गेली सचिवांच्या खोलीत. का? तर क्लबात नळ गळला तरी आधी सचिवांना सांगायचं, दिवा गेला तरी सचिवांना. तो अंगवळणी पडलेला रस्ता होता. नळाची आणि मुलीची तक्रार तिने एकाच दारात नेली, आणि या गोष्टीतला कुणाचा सगळ्यात जास्त राग येत असेल तर खरं सांगायचं म्हणजे या घडीला तिचाच येतो.

सचिवांनी पाणी दिलं, बसवलं, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, फार गंभीर आहे, समितीपुढे ठेवतो, तोवर कुठे बोलू नका, मुलीचंच नाव खराब होईल. आठवडाभर द्या मला. तिने दिला. आणि सचिवांनी त्याच संध्याकाळी सरांना बोलावून विचारलं, काय हो, असं असं ऐकतोय, खरं का?

त्या आठवड्यात सर डावरीच्या घरी जाऊन आले. एकदा एकटे, एकदा सचिवांना घेऊन. आईपुढे सरांनी डोळ्यांत पाणी आणलं म्हणे. पुढच्या निवड चाचणीचं बोलले, माफ केलेल्या फीचं बोलले नाहीत, पण ती गोष्ट खोलीत होतीच. आई वाईट बाई नव्हती. ड्यूटीहून आलेली, पाय सुजलेले, आणि ज्याला देव मानलं तो समोर रडतोय. तिने मुलीला एकच विचारलं, तुला नक्की आठवतं का गं? पण ते तिने जेवताना विचारलं, वेणी घालताना विचारलं, झोपवताना विचारलं.

आठवड्याने समिती बसली. लांब टेबल, चहा, बिस्किटं. मावशीला बोलावलं, पण खुर्ची नव्हती, तेव्हा ती उभी राहिली. तिने सांगायचं ते सांगितलं. अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, "हे कुणी पाहिलं?"

ती म्हणाली, मैत्रीण चेंडू शोधत होती.

"म्हणजे कुणीच पाहिलं नाही."

"साहेब, झाडीत तिचा चेंडू हलला, तो तरी कुणी पाहिला होता?"

बिस्किटाकडे गेलेला एक हात तिथेच थांबला. अध्यक्ष मात्र चिडले नाहीत. समजूत घातल्यासारखे म्हणाले, "ताई, ती खेळातली गोष्ट होती. इथे एका माणसाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

सचिव म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मावशीला तेव्हा कळलं की हा आठवडा मूठ झाकायलाच मागून घेतला होता. ती तडक स्वच्छतागृहात गेली, आपल्या फोटोवरचं पाणी पुसलं आणि तिथेच उभी राहून त्या नंबरला फोन लावला. परतली तेव्हा नवरा शेडच्या दारात उभा होता. तिने सांगितल्यावर तो एवढंच म्हणाला, "घर त्यांचं आहे, लक्षात आहे ना?" ती म्हणाली, आहे. "मग ठीक," म्हणाला, आणि यंत्राचं पातं पुसायला लागला.

पण हे म्हणजे वरातीमागून घोडं. बालसंरक्षण कार्यालयातली बाई आली ती सचिवांना दिलेला आठवडा उलटून गेल्यावर, आणि तोवर मुलीला तेच तेच इतक्यांदा विचारून झालं होतं की तिला स्वतःचंच बोलणं परक्यासारखं वाटायला लागलं होतं. बाईने चांगल्या रीतीने विचारलं. आई शेजारच्या खोलीत होती, दार उघडं होतं. डावरी म्हणाली, "माझीच चूक झाली असेल. सर स्टिक कशी धरायची ते दाखवत असतील, मलाच नीट कळलं नाही." बाईने ते लिहून घेतलं, वाचून दाखवलं, सही घेतली. चष्मेवालीलाही विचारलं, ती म्हणाली, मी चेंडू शोधत होते.

लहानपणापासून डावरीला शिकवलं होतं की कुणी बघत नसलं तरी आपली चूक आपण सांगायची, आपला फटका आपण वाढवायचा. पोरीने तेच केलं. आणि गंमत बघा, या वेळी कुणीही विचारलं नाही की कोणी पाहिलं. अध्यक्ष समितीत म्हणाले, ही मुलगी किती प्रामाणिक आहे हे आपण सगळे जाणतो, तिच्या शब्दावर आपण विश्वास ठेवायलाच हवा. ठराव एकमताने झाला.

मावशीला हाकललं नाही, कारण हाकललं तर लोक का म्हणून विचारतील. फक्त फोटो बदलला. गुडघे दुखणाऱ्या बाईंचे गुडघे एकाएकी बरे झाले. चौकट तीच, आत त्या. व्हिडिओच्या खोलीचं दार परत बसवायचा हुकूम निघाला, तेव्हा नवऱ्याने ते बसवलं खरं, पण असं बसवलं की ते चौकटीत शिरेचना. सचिवांना म्हणाला, साहेब, शेडमध्ये पडून लाकूड फुगलं. ते आजतागायत फुगलेलंच आहे. त्या दोघांच्या वाट्याला आलेला विजय म्हणाल तर एवढाच. मावशी बादल्या द्यायची, चेंडू धुवायची, आणि सर दोन मुलांना घेऊन लांबच्या होलकडे निघाले की हातातलं काम टाकून त्यांच्या मागे चालायला लागायची. विचारलं तर म्हणायची, चेंडू गोळा करते. सचिवांनी समज दिली, ती चालत राहिली. मग त्यांनी तेवढ्या वेळेपुरता खिडकीवर पहाराच बसवला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

डावरीने येणं बंद केलं. एका रविवारी दुपारी ती आली ती संच परत करायला. फाटकाबाहेर आई ड्यूटीच्या कपड्यांत उभी होती, तिने आत नजर टाकली नाही. मुलीने पिशवी कट्ट्यावर ठेवली. स्टिक पुसून आणल्या होत्या, खोबणीतली मातीसुद्धा काडीने काढली होती.  मावशीने लाल बादली पुढे केली आणि म्हणाली, बघ, हिच्यात अजूनही कमीच मावतात. डावरी हसली नाही.

"मावशी, फटके चुकीचे लिहिलेल्या कार्डावर सही केली की खेळाडू बाद होतो ना?"

"हो."

"मी केली."

मावशी खिडकीबाहेर आली. कट्ट्याच्या या बाजूला ती एरवी मुलांशी बोलताना येत नसे. म्हणाली, "अगं, आपलं कार्ड आपण कुठे लिहितो? ते दुसराच लिहितो. लिहिणाऱ्याने चुकीचं लिहिलं होतं."

"पण सही खेळाडूची असते," डावरी म्हणाली. "बघून सही करायची असते. तुम्हीच सांगितलं होतं, माझी चूक नाही म्हणून. आणि मी लिहून दिलं, आहे म्हणून."

नियम तिने बरोबर सांगितला होता. मावशी म्हणाली, पुन्हा सांगू या, मी येते बरोबर, आईला घेऊन जाऊ, आज जाऊ. डावरीने मान हलवली. आता आधीचं खरं की नंतरचं, असं विचारतील, म्हणाली. मग तिने खिशातून ते पदक काढलं आणि स्टिकच्या पिशवीवर ठेवलं. "हे पण परत द्यायचं असेल," म्हणाली. "बाद झालेल्याला ठेवता येत नाही." आणि ती फाटकाकडे गेली. आईने तिचा हात धरायला हात पुढे केला, तो तिने धरला नाही.

मावशी पदक मुठीत धरून तडक वरच्या गच्चीत गेली, जिथे तिला जायची परवानगी नव्हती. अध्यक्ष आणि सचिव चहा घेत बसले होते. तिने पदक अध्यक्षांच्या कपाशेजारी ठेवलं. उभ्यानंच तिने पुरं बोलून घेतलं. "हे डावरीनं परत केलंय. ती म्हणते, मी खोट्यावर सही केली, म्हणून मी बाद. तुम्ही म्हणाला होतात ना साहेब, खेळाडूचा शब्द हाच पंच. हा तिचा शब्द."

अध्यक्षांनी पदक उचललं. चष्मा कपाळावर सरकवून पुढून पाहिलं, उलटं करून मागून पाहिलं. मग ते सचिवांकडे देत म्हणाले, "यावर नाव कोरलेलं नाही ना? मग नीट ठेवा. पुढच्या वर्षी चालेल."